लिमयेकाकांची शिडी

आमच्या रस्त्यावर धर्मप्रचार करणारी माणसं दारोदार फिरतात. बाकीच्या घरांतून पडदा जरासा हलतो आणि दार काही उघडत नाही. लिमयेकाका दार उघडायचे. नुसतं उघडायचे नाहीत, आत बोलवायचे, चहा करायचे, त्यांची पुस्तिका घ्यायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ का विचारलं की मान डोलवायचे. मी कॉव्हेंट्रीत त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा त्यांच्याकडे दोन वेगवेगळ्या पंथांची माणसं येत होती. ती एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून काकांनी एकांना मंगळवार दिला होता आणि दुसऱ्यांना गुरुवार. देवघरात शाळिग्राम, सकाळची पूजा कधी चुकायची नाही, आणि मंगळवारी अकरा वाजता हेच गृहस्थ डोळे मिटून परक्या प्रार्थनेला बसलेले.

मी विचारलं, काका, नको म्हणून का सांगत नाही? तर म्हणाले, "अगं, एवढ्या थंडीत दारात उभी असतात. त्यांना तोंडावर कसं सांगायचं?"

त्यांना कुणालाच तोंडावर काही सांगता यायचं नाही. भास्कर लिमये मूळचे मिरजेचे. आयटीआय करून पंचविशीत इथं आले आणि तीस-बत्तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. अंगानं लहानखुरे, कानावर पेन्सिल, कोपरांना ठिगळं लावलेला काकूंनी विणलेला स्वेटर. कुणी काही मागितलं की "करू की" म्हणायचे. महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी ते एका वर्षासाठी झाले होते आणि अकरा वर्षं राहिले, कारण दर वर्षी कुणीतरी "आता तुम्हीच ना?" असं विचारायचं. कुणाच्या तरी सुट्टीपुरता सांभाळायला घेतलेला पोपट त्यांच्याकडे पाच वर्षं जगला आणि मेला. मालक परत आले होते, पण काकांनी आठवण करून दिली नाही, आणि त्यांनीही विषय काढला नाही.

मला त्यांच्यावर हसायचा फारसा अधिकार नाही. मी नागपूरची, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, आणि व्हिसा कंपनीच्या हातात असल्यामुळे मीही मॅनेजरला कधी नाही म्हटलेलं नाही. पण माझी ती नोकरी आहे. काकांना तर कुणी बांधलेलं नव्हतं.

लोखंडाची मात्र त्यांना भीड नव्हती. गॅरेजमध्ये त्यांचा छोटा लेथ, वेल्डिंगचं मशीन, भिंतीवर ओळीनं लावलेल्या कानशी. सकाळी नऊ ते एक निळा डगला घालून ते तिथं असायचे. एखाद्या नळीच्या टोकाला गंजाचा ठिपका दिसला की बाजूला टाकायचे. काटकोन जरा हलला की केलेला जोड कापून पुन्हा करायचे. तिथं त्यांच्या तोंडून निघणारं "चालणार नाही" ऐकलं की मला गंमत वाटायची. हा माणूस दिवाणखान्यात गेला की हे दोन शब्द कुठं विसरतो, हे मला कळायचं नाही.

त्यांच्या पलीकडच्या घरात ग्रॅहम राहतो. काकांच्याच वयाचा, बस चालवून निवृत्त झालेला, बायको गेलेली. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मालतीकाकूंच्या छातीत कळ आली तेव्हा इतका बर्फ पडला होता की रस्त्यावर एक गाडी हलत नव्हती. ग्रॅहमनं आपली जुनी उंच जीप काढली, काकूंना उचलून आत बसवलं, हॉस्पिटलात नेलं आणि चार तास काकांच्या शेजारी बाकावर बसून राहिला. ही गोष्ट मी काकांकडून निदान वीसदा ऐकली असेल. शेवटचं वाक्य ठरलेलं: "आता अशा माणसाला आपण नाही कसं म्हणायचं?"

ग्रॅहमला हरणांची शिकार करायचा रीतसर परवाना आहे. केनिलवर्थच्या बाजूला एका शेतकऱ्याचं रान आहे, तिथं हरणं नवी झाडं कुरतडून टाकतात, म्हणून वर्षाकाठी काही मारावी लागतात. त्यासाठी झाडाला टेकवलेली एक शिडी असते आणि तिच्या टोकावर बसायला बाक. इथं तिला हाय सीट म्हणतात. माणूस उंचावर बसला की हरणाला त्याचा वास लागत नाही, आणि गोळी वरून खाली जमिनीत जाते, आडव्या वाटेनं कुणाला लागत नाही. ग्रॅहमची लाकडी शिडी कुजली होती. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यानं कुंपणावरून काकांना सहज विचारलं, लोखंडाची एक करता येईल का.

काका म्हणाले, "करू की." इंग्रजीत म्हणाले, पण मान तीच.

लिमयांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. काकू केक घेतानाही मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचतात. त्यामुळे गॅरेजमध्ये काय चाललंय असं त्यांनी विचारल्यावर काकांनी सांगितलं, ग्रॅहमला सफरचंदं काढायला शिडी हवी आहे. ग्रॅहमचं सफरचंदाचं झाड माझ्या खांद्याला लागतं. काकूंनी शिडीकडे बघितलं, वरच्या दोन माणसांच्या बाकाकडे बघितलं, आणि सफरचंदं हल्ली बसून काढतात का एवढंच विचारून आत गेल्या.

पण शिडी केली ती काय केली. चौकोनी नळ्यांचे तीन तुकडे, एकात एक बसणारे, म्हणजे रानात खांद्यावरून नेता येतील. प्रत्येक पायरीवर बारीक जाळी, ओल्या बुटाचा पाय सरकू नये म्हणून. बाकापुढे बंदूक टेकवायला आडवा दांडा, त्याला जुन्या पाइपाचं रबर, आवाज होऊ नये म्हणून. झाडाला बांधायचे पट्टे त्यांनी दोन ठिकाणी दिले आणि ग्रॅहमला बजावलं, की झाड वाढतं, पट्टा तोच राहतो, दर वर्षी सोडून पुन्हा बांधायचा. शेवटी शिडी घराच्या मागच्या भिंतीला उभी करून बाकावर मातीची पोती ठेवली, दोन धट्ट्याकट्ट्या माणसांच्या वजनाची, आणि आठ दिवस तशीच ठेवली. रोज सकाळी जोडांना हात लावून बघायचे. मी म्हटलं, काका, एवढं कशाला? तर म्हणाले, माणूस वर चढणार आहे, त्याचा जीव माझ्या वेल्डिंगवर आहे. दुसऱ्या जिवाचं ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

तेवढ्यात खंडेनवमी आली. काकू दर वर्षी गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा करतात. लेथला हळदकुंकू, कानशींना हळदकुंकू, वेल्डिंगच्या मशीनला कुंडीतलं झेंडूचं फूल. त्या वर्षी त्यांनी शिडीच्या पायथ्यालाही दोन बोटं कुंकू लावलं आणि नमस्कार केला. काका शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी पुन्हा कानावर ठेवली. दुपारी ग्रॅहम आला, हा लाल रंग काय म्हणून विचारलं, आणि शिडी रानात गेली तरी त्यानं तो पुसला नाही.

महिन्याभरानं ग्रॅहम एक पुडकं घेऊन दारात आला. पहिल्या हरणाचं मांस. नीट कापलेलं, वर त्याच्या अक्षरात तारीख. काकू देवळात गेल्या होत्या. "आम्ही खात नाही," एवढं वाक्य पुरे होतं. इंग्लंडात शाकाहारी माणसाला कुणी वाईट म्हणत नाही, उलट कौतुक करतात. काकांनी पुडकं दोन्ही हातांनी घेतलं. इथंही थांबले असते तरी निभावलं असतं. पण आठवड्यानं ग्रॅहमनं कसं होतं विचारलं, आणि काका म्हणाले, फारच छान, अगदी मऊ.

झालं. त्यानंतर पुडक्याला खंड नाही. आता ते खायचं नाही हे नक्की. टाकायचंही नाही, कारण अन्न. परत देता येत नाही, घरात नेता येत नाही. काकांनी गॅरेजमधला जुना फ्रीझर बिघडलाय असं काकूंना सांगितलं आणि पुडकी त्यात रचायला सुरुवात केली. शेवटी एक दिवस माझ्या दारात आले, कापडी पिशवी पाठीमागे धरलेली. मी मटण खाते हे त्यांना माझ्या स्वयंपाकघराच्या वासावरून माहीत होतं. मी ते सावजी मसाल्यात शिजवलं, पहिल्या दोन वेळा आवडीनं खाल्लं, तिसऱ्या वेळी ऑफिसातल्या लोकांना वाटलं. चौथ्या वेळी नको म्हणायला तोंड उघडलं आणि काकांचा चेहरा बघून पिशवी घेतली. मग माझाही फ्रीझर भरत चालला.

मी एकदा म्हटलं, ग्रॅहमला मी सांगते. काकांनी माझा हात धरला. म्हणाले, "नको गं. त्याला वाटेल इतके दिवस मी खोटं बोललो." मी म्हटलं, काका, तुम्ही खोटंच बोललात. त्यावर ते हसले आणि गेले.

गेल्या वर्षीच्या गोष्टीकडे येते. काकूंची थोरली बहीण, शांताअक्का, मिरजेत अंथरुणाला खिळली होती. काकू सहा वर्षांत तिकडे गेल्या नव्हत्या. दर वेळी काही ना काही निघायचं. मंडळाचा गणपती, पोपट, कुणाच्या घराच्या चाव्या. या खेपेला काकूंनी मला बसवून दोघांची तिकिटं काढून घेतली, दिवाळी झाल्या झाल्या निघायचं. अक्कांना फोनवर सांगितलं. अक्कांना बोलता येत नव्हतं, पण त्या फोनवर रडल्या, असं काकू म्हणाल्या. त्या दिवशी काकूंनी माझ्याकडे तीनदा येऊन तिकिटं बघितली.

सप्टेंबरात ग्रॅहमनं काकांना आणखी एक शिडी मागितली. नोव्हेंबरपासून माद्या मारायची मुभा सुरू होते, तेव्हा लागली तर बरं. काका म्हणाले, करू की.

आणि घरात येऊन काकूंना म्हणाले, आपण जानेवारीत जाऊ.

काकू माझ्याकडे आल्या. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या, माझा फ्रीझर उघडला, आतल्या पुडक्यांवरच्या ग्रॅहमच्या अक्षराकडे बघितलं आणि दार लावलं. गॅरेजमधला फ्रीझर त्यांनी कधीच उघडून बघितला होता.

"मांसाचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून पूजा करवली त्याचंसुद्धा मी सोडलं. पण हा माणूस भिडस्त आहे म्हणून अख्खं गाव कौतुक करतं ना, ते मला ऐकवत नाही. मी शिवणाचा क्लास काढू का म्हटलं, नाही. आईच्या आजारपणात जाऊन येऊ का म्हटलं, नाही, साहेबाला रजा कशी मागू. बिस्किटं संपलीत हे त्या मंगळवारच्या लोकांना सांगायची छाती नाही ह्यांची. नाही म्हणायला यांना एकच माणूस सापडलं."

तोवर मी काकांच्या गमती मैत्रिणींना रंगवून सांगत आले होते. काकूंच्या बाजूनं त्या कधी बघितल्याच नव्हत्या, याची मला लाज वाटली.

ऑक्टोबरात अक्कांची तब्येत ढासळल्याचा फोन आला आणि काकू एकट्या निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा एकट्या. मी त्यांचं तिकीट बदलून अलीकडच्या तारखेचं करून दिलं आणि त्यांना बसस्टेशनवर सोडलं. काका घराच्या फाटकापर्यंत आले, बॅग गाडीत ठेवली, पोचल्यावर फोन कर म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मीही येतो म्हणायची काकांची ती शेवटची संधी होती, आणि दोघांनाही ते कळत होतं असं मला वाटलं. गॅरेजमध्ये कापलेल्या नळ्या पडल्या होत्या.

परत येताना मला इतका राग आला होता की मी सरळ ग्रॅहमच्या दारावर गेले आणि सगळं सांगून टाकलं. बहीण, तिकिटं, फ्रीझर, सगळं. ग्रॅहम दाराला धरून ऐकत राहिला.

मग तो जे बोलला ते असं होतं. त्याला दुसरी शिडी नकोच होती. गुडघ्यांमुळे तो पहिल्या शिडीवरही वर्षभरात दोनदाच चढला होता, बाकीची हरणं त्याच्या मित्रांनी मारली. हिवाळा आला की भास्कर फार उदास होतो, दुपारभर खिडकीत बसतो, म्हणून त्याला काहीतरी काम द्यावं असं त्याच्या मनात आलं. मांसाचा चांगला तुकडा तो मुद्दाम भास्करसाठी बाजूला ठेवायला सांगायचा, कारण भास्करला तो इतका आवडायचा. "त्यानं एका शब्दानं सांगितलं असतं तर," ग्रॅहम म्हणाला, "मीच त्या दोघांना विमानतळावर सोडलं असतं."

तो तसाच, घरातल्या सपातांवर, काकांकडे गेला. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. दहा-बारा दिवस गेले तेव्हा कुठं काकांनी मला तिकीट बघायला सांगितलं. मी बघत होते तोच मिरजेहून फोन आला. काकू पोचल्यानंतर नवव्या दिवशी अक्का गेल्या होत्या. काका म्हणाले, मी येतो. काकू म्हणाल्या, आता येऊन काय करणार.

माझी बदली दुसऱ्या शहरात, स्टॅनमोरच्या बाजूला झाली, जानेवारीत मला घर सोडायचं होतं. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेले तर काका गॅरेजमध्ये होते. दुसरी शिडी जवळजवळ पुरी झाली होती. ती आता कुणालाच नको होती. पण सगळं कळल्यावर "करू नकोस" म्हणायचा धीर ग्रॅहमला होत नव्हता, आणि "करत नाही" म्हणायचा काकांना. ग्रॅहम रोज येऊन एखाद्या जोडाची तारीफ करून जायचा. मांस मात्र त्यानं आणणं थांबवलं होतं. हल्ली तो केळी आणायचा.

शिडीचा वरचा बाक जमिनीवर ठेवलेला होता आणि काका त्याच्या एका टोकाला बसले होते. डगल्याची बटणं वरखाली लागली होती. येताना बघितलं होतं, घरात गार होतं, शेगडीवर काही नव्हतं. मी विचारलं जेवता का नीट, तर हो म्हणाले.

तेवढ्यात काकूंचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी फोन लेथला टेकवून ठेवला. पडद्यावर काकूंचा अर्धा चेहरा आणि मागे उन्हात वाळत घातलेली धुणी. औषधं घेतलीत का, पाणी तापतंय का, इकडचं तिकडचं झालं. मग काकू जरा थांबल्या.

"भाचा म्हणतोय, पाडव्यापर्यंत राहा," त्या म्हणाल्या. "राहू का? तुम्ही नाही म्हणालात तर पुढच्याच आठवड्यात निघते."

काका फोनकडे बघत होते. मीही बघत होते. काकूंनी पुन्हा सांगितलं, "नाही म्हणालात तर निघते हं मी."

"राहा ना," काका म्हणाले. आवाज अगदी गोड, मंगळवारच्या माणसांशी बोलताना असायचा तसा. "माझं इथं काही अडत नाही."

काकूंनी मागं वळून वाळत घातलेल्या धुण्याकडे बघितलं. मग काकू "बरं" म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, ये म्हणायचं होतंत. त्यांना तेवढंच ऐकायचं होतं."

"कळतं गं मला," काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं पुसला, पण घातला नाही. "जन्मभर तिला नाहीच म्हणत आलो. आता पुन्हा नाही कुठल्या तोंडानं म्हणू?"